दोन टाके

मे महिन्यात झाशी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात एक रीत होती. पाळी संपली की हमालांनी फाटकाशी रांग लावायची, दोन्ही हात पुढे करायचे आणि जमादार हल्केरामनं ते हुंगायचे. खिसे चाचपणं, पागोटी सोडायला लावणं, असला अपमान कुणाचा होत नसे. मुंबईहून आलेल्या आंब्याच्या करंड्या इथं उतरत, चढत, कधी रात्रभर मुक्काम करत. आणि खाल्लेला आंबा खिशात सापडत नसला तरी बोटांवर सापडतो, एवढं हल्केरामला कळत होतं. तो डोळे मिटून हुंगे.

"जौ तौ बीड़ी है. जा. जौ तमाखू. जा. और तैं? काए रे, हाथ काए धोए? साबुन लगाओ है? तैं एक तरफ ठाड़ो हो."

बाबू लोकांचे हात हुंगायचे नाहीत असा रिवाज होता. बाबू लोक छत्री काखेत मारून सरळ निघून जात. एकटा रमाकांत पळसुले रांगेच्या शेवटी उभा राही आणि पाळी आली की हात पुढे करी.

"काए बाबूजी, काए सरमिंदा करत हौ?"

"सूँघो, भैया."

हल्केराम हुंगे. "स्याही."

"और?"

"तनक हींग."

"हींग घर की है," असं सांगून रमाकांत घरी जाई.

घर दतिया गेटाच्या आत. झाशीत येऊन पळसुल्यांना इतकी वर्षं झाली होती की कोकणातलं मूळ गाव कुठलं, यावरून दोन चुलत्यांत अबोला होता. पूजा सांगणाऱ्या घराण्यातला रेल्वेत लागलेला हा पहिला माणूस. तो कुलपाला ताला म्हणे, घाई असली तर "जल्दी करा जी" म्हणे, आणि जेवायच्या वेळी मात्र "पानं मांडली का?" असं पेशवाईतलं विचारी. धाकटा भाऊ ग्वाल्हेरला शिकत होता आणि त्याचं शिकणं संपत नव्हतं. त्यामुळे पळसुल्यांच्या चहात दूध दिसे, लागत नसे.

रमाकांतनं पार्सलच्या खिडकीत बसायला सुरुवात केली तेव्हापासून एक गोष्ट धरली होती. पावतीशिवाय माल सोडायचा नाही. यात नवं काहीच नव्हतं; नियम छापील होता आणि भिंतीवर डकवलेला होता. माल पाठवणाऱ्याला पावती मिळते, तो ती टपालानं घेणाऱ्याला पाठवतो, घेणारा ती खिडकीत देतो आणि माल उचलतो. फक्त टपाल रमतगमत येई आणि आंबा वाट बघत नसे. म्हणून बाकीचे बाबू ओळखीच्या माणसाला माल देऊन टाकत आणि पावती मागाहून घेत. रमाकांत देत नसे. ठाणेदाराच्या बायकोची करंडी त्यानं दिली नव्हती. आपल्या सख्ख्या मामाची लोणच्याची बरणी दिली नव्हती. मामा लग्नात त्याच्याशी बोलला नाही, तर रमाकांतनं त्याला पंक्तीत आग्रह करून जिलबी वाढली.

सर्वांत जास्त सोसलं होतं ते माणिक चौकातल्या जगन्नाथ सेठनं. सेठ फळांचा मोठा अडत्या. छावणीतल्या साहेबांच्या टेबलावरचा हापूस त्याच्याकडून जाई. आदल्या उन्हाळ्यात त्याची पावती टपालात अडकली आणि करंड्यांची अख्खी खेप लिलावाच्या आधीच पार्सल ऑफिसात बसल्या जागी नासली. सेठ रागावला नाही. सेठ कधीच रागावत नसे. पान चघळत, डोळे अर्धे मिटून, तो नाकातून गोड बोलायचा.

"पळसुले बाबू, आप तो देवता हैं. अब देवता को आम से क्या मतलब? देवता तो भोग लगने पर भी नहीं खाते."

असं सगळं चाललं होतं आणि जर्मनीबरोबरच्या लढाईच्या आदल्या उन्हाळ्यात रमाकांतच्या बायकोला डोहाळे लागले.

बकुळ रत्नागिरीची. पहिलटकरीण, सातवा लागला होता, आणि पोटात अन्न ठरत नव्हतं. माहेरी न्यायचं तर रेल्वे, मग बोट. डॉक्टर नको म्हणाले. सुईण म्हणाली, "जो मन माँगे सो खिलाओ, नहीं तो बच्चा जिंदगीभर लार टपकाएगा." बकुळचं मन हापूस मागत होतं. रमाकांतनं बाजारातले देशी आंबे आणले. तिनं एक हुंगला आणि परत टोपलीत ठेवला.

"ह्याला इथं आंबा म्हणतात?"

"सगळे म्हणतात."

"म्हणू देत." आणि ती भिंतीकडे तोंड करून निजली. दिवसेंदिवस तिची मनगटं अशी बारीक होत चालली होती की बांगड्या कोपरापर्यंत चढत. झाशीत हापूस मिळण्याची जागा एकच होती, जगन्नाथ सेठची गादी, आणि तिथला भाव कारकुनासाठी नव्हता.

गोष्ट सेठच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी रमाकांत घरी आला तर ओसरीवर हापूसची करंडी. सेठचा माणूस ठेवून गेला होता. बकुळ तिच्या शेजारी पाटावर बसली होती. हात लावला नव्हता. नुसती बसली होती.

रमाकांतनं करंडी उचलून खांद्यावर घेतली.

"एक ठेवून घेतला तर?" बकुळ म्हणाली. "एकच. सेठ काय मोजणार आहे?"

"तो मोजणार नाही. खिडकीत येईल तेव्हा आठवण मात्र करून देईल."

"आणि पोर लाळ गाळत हिंडलं की लोक तुम्हालाच आठवण करून देतील, समजले?"

तो उन्हातून करंडी घेऊन माणिक चौकात गेला. सेठनं ती परत घेतली, त्याला गादीवर बसवलं, पंखा घालायला माणूस उभा केला. "अरे, बहूरानी के लिए भेजी थी. आपसे हमने कुछ माँगा?"

"अभी नहीं माँगा," रमाकांत म्हणाला, आणि पाणी न पिता परत आला. घरी बकुळनं त्याच्या खांद्याचा वास घेतला आणि त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मुंबईच्या गाडीनं एक करंडी उतरली. गोणपाटात शिवलेली, वर काळ्या रंगानं ठळक अक्षरं. हल्केराम ती डोक्यावर घेऊन स्वतः आत आला.

"बाबूजी! तुमाई ससुरार आ गई!"

नाव रमाकांत पळसुले, झाशी. पाठवणार सासूबाई, अनुसूयाबाई. वास असा की शेजारच्या तारबाबूनं काम टाकून दारात डोकं घातलं. हेडक्लार्क गोविंदराव खुर्चीतून उठले. ते पुण्याकडचे, दर वाक्य तासून बोलायचे आणि बोलून झालं की ऐकणाऱ्याकडे चष्म्यावरून बघायचे.

"पळसुले, अभिनंदन. न्या घरी."

"पावती?" रमाकांत म्हणाला.

"कुणाची?"

"ह्याची. टपालानं आली नाही अजून."

"अहो, नाव तुमचं आहे."

"ठाणेदाराच्या करंडीवर ठाणेदाराचं होतं."

गोविंदराव चष्म्यावरून बघत राहिले. मग खाली बसले. पावती नसली तर हमीपत्रावर माल सोडायची सोय होती, पण त्यावर सही मोठ्या साहेबाची, आणि मोठा साहेब मे महिना पचमढीला काढायचा. करंडी रमाकांतच्याच टेबलामागं ठेवली गेली. संध्याकाळपर्यंत बातमी माणिक चौकात पोचली. पळसुले बाबूची स्वतःची करंडी आलीय आणि पावती नाही. लोक पार्सल नसताना खिडकीशी येऊन डोकावून जाऊ लागले.

त्या दिवशी टपालात पावती आली नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या.

अनुसूयाबाई मुंबईला भाच्याची मुंज उरकून मागाहून येणार होत्या, तशा आल्या. त्या लेकीच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या, पण लेकीच्या घरी उतरल्या नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. त्या ओरछा गेटाच्या आत लांबच्या नात्यातल्या यमुनाबाईंकडे उतरल्या, तिथं जेवल्या, तिथं पाणी प्यायल्या, आणि मग लेकीकडे आल्या. आल्या आल्या बकुळची मनगटं बघितली.

"अगो, हे काय! आंबे खाल्लेस ना?"

"स्टेशनात आहेत," बकुळ म्हणाली. "तुझ्या जावयाच्या टेबलामागं. पावतीसाठी थांबलेत."

अनुसूयाबाई जावयाकडे वळल्या. "पावती? मेली ती करंडीतच आहे की!"

"करंडीत म्हणजे?" रमाकांतनं विचारलं.

"म्हणजे आत हो, जावईबापू. मुंबईला त्या बाबूनं हातात दिली. म्हटलं, टपालात हरवेल, पिशवीत ठेवीन तर मुंजीच्या गडबडीत जाईल. करंडी तिथंच होती. गोणपाटाचे दोन टाके उसवले, आत सारली, परत दोन टाके घातले. जावई स्टेशनातच असतात म्हटलं, त्यांना कसली अडचण!" आपण किती सुरक्षित जागा शोधली, या आनंदात त्या होत्या. "चला, मीच उसवते. माझेच टाके."

"आई, करंडी आता रेल्वेच्या ताब्यात आहे. माल सोडल्याशिवाय उघडता येत नाही."

"मग सोडा."

"पावती आल्याशिवाय सोडता येत नाही."

"ती आत आहे!"

"जी."

हे संभाषण आणखी बराच वेळ चाललं, पण त्यात नवीन काही आलं नाही. शेवटी अनुसूयाबाई बकुळला म्हणाल्या, "स्थळ बघायला तुझे वडील एकटे गेले होते, तेव्हाच मी म्हटलं होतं." रमाकांतनं त्यांच्यापुढं चहा नेला. त्यांनी घेतला नाही. रीतही होती आणि रागही होता.

दुसऱ्या दिवशी गोविंदरावांना हे कळलं तेव्हा ते प्रथम हसले, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा पळसुले. मी जेवायला जातो. सगळेच जातो. कात्री टेबलावर आहे. मी आल्यावर तुम्ही मला पावती दाखवाल, मी ती कुठून आली हे विचारणार नाही. दोन टाके, पळसुले. तेही तुमच्या सासूनं घातलेले."

आणि सगळे खरंच जेवायला गेले.

रमाकांत करंडीशेजारी बसला. गोणपाट तपकिरी आणि सासूबाईंचा दोरा पांढरा, त्यामुळे ते दोन टाके लांबूनही दिसत होते. आंबे आता पूर्ण पिकले होते. वासात थोडी दारू उतरू लागली होती. म्हणजे आजचा दिवस, फार तर उद्याचा. त्यानं बोट लावून बघितलं. दोरा ढिला होता. कात्रीचीही गरज नव्हती, नखानं निघाला असता. त्याला बकुळची बांगडी कोपराशी अडकलेली दिसली. मग ठाणेदाराची बायको दिसली, ती पण पोटुशी होती का, हे त्यानं तेव्हा विचारलं नव्हतं. मामाची बरणी दिसली. जगन्नाथ सेठच्या नासलेल्या करंड्या दिसल्या, आणि सेठ दिसला, पान चघळताना.

त्यानं कात्री खणात टाकली, ताला लावला, आणि बाहेर जाऊन चावी हल्केरामला दिली.

"हम माँगें तब भी आज मत देना."

"हओ. और सुतरी काटबे खों का चलाहैं?"

"दाँत."

त्या दुपारी पार्सल ऑफिसात सुतळी दातांनी तोडली गेली. गोविंदराव सोडून सगळ्यांनी तोडली. गोविंदरावांचे दात घरी होते.

संध्याकाळी सेठ खिडकीत आला. "बाबूजी, कायदा क्या कहता है? सड़नेवाला माल, उतरने का दिन छोड़कर, तीसरे दिन लिलाम. कल तीसरा दिन है. बोली हम लगाएँगे, माल हम छुड़ाएँगे, और सीधे बहूरानी के पास. अब तो आपका कोई कायदा नहीं टूटता?" आणि जाता जाता, जणू आत्ताच सुचलं, "फिर अपनों में पावती-वावती कौन देखता है."

रमाकांतला कळलं की यात खरंच कुठलाच नियम मोडत नव्हता. उद्या करंडी सेठची होणार, परवा ती ओसरीवर येणार, बकुळ या वेळी ती परत नेऊ देणार नाही, आणि तेरवा सेठ पावतीशिवाय खिडकीत उभा राहणार. नोकरानं बोली लावायची नाही, नोकराच्या घरच्या माणसांनीही लावायची नाही, हाही नियम भिंतीवर होता. त्यानं घरी जाऊन हे सगळं बकुळला सांगितलं. कोपऱ्यात बसलेल्या अनुसूयाबाई वाती वळत होत्या, त्यांनी फक्त विचारलं, "लिलाव किती वाजता?"

लिलाव फलाटाच्या टोकाला झाला. गोविंदरावांनी घंटा वाजवली. माणिक चौकातले दोन-चार अडते, बघे, हमाल, मागं हल्केराम. रमाकांत करंडीशेजारी उभा होता, कारण ते त्याचं काम होतं. सेठनं आकडा सांगितला. तो ऐकून बाकीचे अडते विड्या पेटवायला लागले.

"त्यावर एक रुपया," मागून आवाज आला.

नऊवारी सावरत अनुसूयाबाई पुढं आल्या. रमाकांतनं त्यांना बघितलं, आणि त्याच्या तोंडून शब्द निघाले.

"हरकत आहे."

"कुणाची?" गोविंदरावांनी विचारलं.

"माझी. ह्या माझ्या सासूबाई. नोकराच्या घरच्या माणसांना बोली लावता येत नाही."

हल्केरामनं कपाळाला हात लावला.

"घरची?" अनुसूयाबाई म्हणाल्या. "मी? जावईबापू, तुमच्या घरचं पाण्याचं भांडं तरी तोंडाला लावलंय का मी?"

गोविंदरावांनी चष्मा पुसला. त्यांना आयुष्यात प्रथमच पार्सल ऑफिसात मजा येत होती. "पळसुले, प्रश्न महत्त्वाचा आहे. ह्या तुमच्याकडे राहतात?"

"नाही. ओरछा गेटात, यमुनाबाईंकडे."

"जेवतात?"

"नाही."

"चहा?"

"नेला होता. घेतला नाही."

"विडा? सुपारी? साखरेचा खडा?"

"नाही," रमाकांत प्रामाणिकपणे म्हणाला. "काहीच नाही."

गोविंदराव सेठकडे वळले आणि हिंदीत, पण पुणेरी हिंदीत, म्हणाले, "सेठजी, आपकू क्या लगता है? जो बाई घर का पानी नहीं पीता, वो घर का हुआ क्या?"

सेठनं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. त्याची लेक दतियाला दिली होती, आणि तो तिच्या गावच्या विहिरीचंसुद्धा पाणी पीत नसे. स्टेशनावरूनच सुरई भरून नेई. हे सगळ्या माणिक चौकाला ठाऊक होतं, आणि माणिक चौक शेजारी उभा होता.

"नहीं," सेठ म्हणाला. "घर की तो नहीं हुईं."

"हरकत नामंजूर," गोविंदराव म्हणाले. रमाकांतनं मान डोलावली. त्याला ते पटलं होतं.

पण सेठ व्यापारी होता. त्यानं आकडा चढवला. अनुसूयाबाईंनी चढवला. त्यानं आणखी चढवला. तेव्हा त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली. त्यात परतीचं भाडं होतं, रेल्वेचं आणि बोटीचं. ते सगळं त्यांनी करंडीवर ओतलं.

"हे घ्या. एवढं आहे. याच्या वर मेल्या तू बोल, आणि खा एकटा!"

सेठला मराठी येत नव्हती. त्यानं नाण्यांकडं बघितलं, सुटलेल्या गाठीकडं बघितलं, तोंड उघडलं, आणि मग त्यात नवीन पान घातलं. गोविंदरावांनी तीनदा घंटा वाजवली.

घरी बकुळनं स्वतः ते पांढरे दोन टाके उसवले. पावती वरच होती, रसानं भिजलेली. खालचे आंबे गेले होते, कडेचे गेले होते; मधले थोडे होते. रमाकांतनं पाटावर बसून ते चिरले, नासकं काढून टाकलं, उरलेलं पिळून वाटीत रस केला. बकुळनं वाटी हातात घेतली आणि दोघांकडं बघितलं.

"आई, तू?"

"मी कशी खाईन? तुझ्या घरी?"

"आणि तुम्ही?"

"लिलावातला माल," रमाकांत म्हणाला. "नोकरानं घ्यायचा नाही."

"खायचा नाही असं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पण बरं दिसत नाही."

बकुळनं आणखी एकदा दोघांकडं बघितलं. एक जण या बाजूला, एक जण त्या बाजूला, दोघांचेही हात मांडीवर. "बरंय," ती म्हणाली, आणि तिनं वाटी संपवली, मग पातेलं संपवलं, मग कोयी चोखल्या. ते पोटात ठरलं. दोघं तिच्याकडं बघत बसले होते, आणि सासूबाईंनी पहिल्यांदाच जावयाकडं जरा नीट बघितलं.

रमाकांतनं हात चिंचेनं धुतले, राखेनं धुतले, डाळीच्या पिठानं धुतले. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ती भिजकी पावती सोबत नेली, कारण ती खिडकीत जमा करायची असते, माल असो की नसो. संध्याकाळी पाळी संपली. फाटकाशी हमालांची रांग लागली, आणि रांगेच्या शेवटी तो उभा राहिला. हमाल हात हुंगवून झाल्यावरही गेले नाहीत. ते थोडे बाजूला थांबले.

रमाकांतनं हात पुढं केले.

हल्केरामनं डोळे मिटून हुंगलं. डोळे उघडले. पुन्हा हुंगलं.

"बाबूजी," तो हळूच म्हणाला, "आज तौ हापुस है."

"है."

"कहाँ कौ?"

"सास का," रमाकांत म्हणाला, छत्री काखेत मारली, आणि दतिया गेटाकडे निघाला.